बिनआवाजाचा इन्व्हर्टर

मृणालने खोकं माझ्या बेंचवर ठेवलं आणि म्हणाली, "काकू, हा शिट्टी वाजवतो."

"कोण?"

"इन्व्हर्टर. तुम्ही दिलेला. चालू केला की सतत वाजतो. बारीक."

दहा दिवसांपूर्वीच तो आमच्या वर्कशॉपमधून गेला होता आणि मीच तो पास केला होता. हातातलं काम बाजूला ठेवून मी बॅटरी जोडली, एक दिवा लावला आणि इन्व्हर्टर चालू केला. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पेटीवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. यंत्राच्या पोटातला आवाज असा थेट डोक्यात येतो. जहाजावरचे लोक बेअरिंग असंच ऐकतात. माझा नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता, मी त्याच्याकडून शिकले.

मला काही ऐकू आलं नाही. पंखा नव्हता, गुणगुण नव्हती, थरथरही नव्हती.

मी हाशिमला हाक मारली. हाशिम आमचा स्टोअरकीपर, मलाय माणूस, त्याआधी वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला. त्याने ऐकलं आणि मान हलवली. तेवढ्यात टौके आपल्या काचेच्या केबिनमधून बाहेर आले. आमच्याकडे चिनी मालकाला टौके म्हणायचे. त्यांनी वाकून कान लावला.

"नो साउंड व्हॉट," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी तिथलं, 'व्हॉट' ही नुसती शेपटी.

मृणालने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुम्हाला खरंच ऐकू येत नाही? आत्ता वाजतोय तो."

"मृणाल, पंधरा वर्षं मी या बेंचवर हेच करते आहे," मी म्हटलं. "मला आला नाही म्हणजे आवाज नाहीच."

हे मी बोलले तेव्हा ते खरं नाही हे मला माहीत होतं. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं वर्कशॉप जुरोंगला होतं, चांगी विमानतळाच्या अगदी विरुद्ध टोकाला, बंदराच्या भागात. जहाजांच्या जळालेल्या मोटारी, पंप, ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे यायचे. जुनी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावून भट्टीत सुकवायचं. याला वाइंडिंग म्हणतात. मी चौथी शिकलेली. नवरा होता तेव्हा तो जळकी कॉइल घरी आणायचा आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं ती भरायचो. तो गेल्यावर टौकेंनी मला बोलावून घेतलं. पदरात मुलगी होती. मी गेले.

नव्वदनंतर वर्कशॉपमध्ये वाइंडिंगचं मशीन आलं. ते चार माणसांचं काम करायचं आणि चहा मागायचं नाही. सर्टिफिकेटवाली पोरंही आली. चार वाइंडर होते, त्यांतले तीन गेले. मी राहिले ती कानामुळे. दुरुस्त झालेला प्रत्येक जॉब बाहेर जाण्याआधी माझ्या बेंचवर यायचा. मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायची आणि पेटीवर खडूने बरोबरची खूण करायची. खूण नसेल तर माल दाराबाहेर जायचा नाही. टौके गिऱ्हाइकांना सांगायचे, "आंटी लिसन फर्स्ट, देन ओन्ली वी डिलिव्हर." मोठ्या जहाजांचे चीफ इंजिनीअर माझ्या खुणेवर विश्वास ठेवायचे. माझ्याकडे दुसरा कसलाही कागद नव्हता.

मृणालची ओळख मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. पुण्याची मुलगी, पीएच.डी. झालेली, तिथल्या एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या करारावर आलेली. पोस्टडॉक म्हणतात त्याला. विषय वटवाघळं. मी विचारलं, "त्यांचं काय शिकायचं असतं?" ती म्हणाली, "शेकडो पिल्लं एकत्र लटकलेली असतात काकू, आणि आई अंधारात येऊन बरोबर आपल्याच पिल्लाकडे जाते. आवाजावरून. तो आवाज कसा असतो ते मला टेपवर घ्यायचं आहे."

मला त्यात फार रस नव्हता. पण मुलगी कामाची होती हे कळत होतं.

तिची जागा पुलाऊ उबिन बेटावर होती. तिथे विजेच्या तारा नव्हत्या. गावातले लोक डिझेलचा जनरेटर लावायचे आणि त्याचा धडधडाट अर्ध्या बेटावर जायचा. बेटाच्या पलीकडच्या टोकाला एक पडकं गोदाम होतं, त्यात वटवाघळांची वसाहत. गोदामाशेजारी लाकडी खोपटं युनिव्हर्सिटीने तिला मिळवून दिलं होतं. तिथे जनरेटर चालणार नव्हता, म्हणून सोलर.

सोलर म्हणजे छपरावरच्या पॅनेलमधून वीज बॅटरीत भरायची. पण बॅटरीतली वीज घरातल्यासारखी नसते, एकाच दिशेने वाहते आणि कमी दाबाची असते. तिचा रेकॉर्डर आणि कॉम्प्युटर दोन्हींना घरासारखी वीज लागायची. ती करून देणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मला अजिबात आवाज न करणारा हवा. बाकी कसाही चालेल."

आमच्याकडे दोन प्रकारचे होते. एक जुन्या धाटणीचा. आत मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, वजन सोळा किलो. चालू केला की पोळं बसल्यासारखा घुमायचा. मुंबईच्या जुन्या ट्यूबलाइटची चोक ऐकली असेल तर तोच आवाज, जरा मोठा. दुसरा नवीन आलेला, डब्याएवढा हलका. त्यात विजेची सेकंदाला हजारो वेळा तोडजोड करतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. त्याला पंखाही नव्हता.

मी दोन्ही ऐकले. जुना घुमला. नव्यात काहीच नव्हतं. मी नव्यावर खूण केली. टौके खूश झाले, कारण नवा माल जायला हवा होता. मृणाल खूश झाली. एका चिनी डब्यातून नारळाच्या वड्या घेऊन आली होती ती.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगते. त्याच्या दोन महिने आधी माझी मुलगी मला नोव्हेना भागातल्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. घरी टीव्हीवरून रोज भांडण व्हायचं. "मा, सो लाउड ला, होल ब्लॉक कॅन हिअर," ती म्हणायची. तिला मराठी समजायचं, उत्तर मात्र असंच द्यायची. डॉक्टरने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज सगळे आले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाली, वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, वय आणि वर्कशॉप, परत येणार नाहीत. तिने आलेख काढून दिला. रेघ सरळ जाते आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली पडते. तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि मुलीला सांगितलं, वर्कशॉपमध्ये कुणाला बोलू नकोस.

म्हणजे मृणाल खोकं घेऊन आली त्या दिवशी मला हे ठाऊक होतं, की आवाज बारीक असेल तर तो मला ऐकू येणारच नाही. तरी मी तिला म्हटलं, नाहीच तो. सोबत इंजिनरूममध्ये कान घालवलेला हाशिम आणि साठीचे टौके. तिघा बहिऱ्यांनी एका तिशीच्या मुलीला सांगितलं की तुला भास होतो आहे.

ती खोकं उचलून निघाली तेव्हा मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "रविवारी येते तिकडे. वायरिंगमध्ये काही असेल."

रविवारी सकाळी चांगीच्या धक्क्यावरून बमबोट पकडली. बमबोट म्हणजे डिझेलची छोटी लाकडी होडी. बारा माणसं जमली की सुटते. पलीकडे मृणाल सायकल घेऊन उभी होती, एक माझ्यासाठीही भाड्याने घेतलेली. मी म्हटलं, "मी साडीत सायकल चालवत नाही." मग आम्ही चालत गेलो. तासभर लागला.

वायरिंग चांगलं केलं होतं तिने. जोड घट्ट, बॅटरीला हवा, इन्व्हर्टर भिंतीवर नीट टांगलेला. दोष काढायला जागा नव्हती.

"आता हे बघा," ती म्हणाली. तिच्या हातात रेडिओएवढं एक यंत्र होतं. वटवाघळाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, फार वरच्या पट्टीत असतो. ते यंत्र तो पकडून माणसाच्या पट्टीत खाली आणतं. तिने ते गोदामाकडे धरलं. टक टक टक, किर्र, टक टक. भर दुपारी, आत सगळी लटकलेली असताना, केवढी गडबड चालली होती. मग ती आत गेली आणि तिने इन्व्हर्टर चालू केला. यंत्रातून एकच कर्कश आवाज येऊ लागला, पत्रा कापतात तसा, न थांबणारा. वटवाघळं त्यात बुडून गेली. बंद केला, पुन्हा टक टक.

तिने तीनदा चालू-बंद करून दाखवलं. एकदाच पुरे होतं.

मला तिथेच सगळं समजलं. तोडजोड करणारा इन्व्हर्टर तोडजोडीच्याच पट्टीत ओरडत होता. तिच्या कानाला तो जेमतेम लागत होता, माझ्या कानाच्या तो पार पलीकडे होता, आणि वटवाघळं बरोबर त्याच पट्टीत बोलत होती. तिला लागणारा इन्व्हर्टर तो जुना, घुमणारा. त्याची घुमघुम फार खालची, त्या घुमण्याने टेपवर काहीच बिघडलं नसतं.

"लांब नेऊन ठेवला तर?" मी विचारलं.

"नेला. तीस मीटर. तरी वायरमधून येतो." ती पायरीवर बसली. "काकू, मी युनिव्हर्सिटीच्या स्टोअरला सांगितलं. ते म्हणतात, सप्लायरने लिहून दिलं की बदलून घेऊ, नाहीतर नाही. पिल्लं अजून तीन-चार आठवडे इथे आहेत. उडायला लागली की वसाहत पांगते. माझा करार डिसेंबरपर्यंत आहे. हे रेकॉर्डिंग नसेल तर वाढवण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि मग इथे राहायचा पासही जातो."

"सांगते टौकेंना," मी म्हटलं.

"नक्की?"

"सांगते म्हटलं ना."

परतताना बमबोटीत मी ठरवलं होतं तसं सांगायचं. सोमवारी सकाळी टौकेंनी स्वतःच बोलावलं. त्यांच्या टेबलावर युनिव्हर्सिटीचा फॅक्स होता. टाइपिस्ट बसलेली होती. केबिनचं दार उघडं, बाहेर दोन सर्टिफिकेटवाली पोरं मशीनवर काम करत होती.

"आंटी, धिस बॅट लेडी. सांग. गॉट साउंड ऑर नो साउंड?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की मला ऐकू येत नाही, पण आवाज आहे. त्यातला पहिला अर्धा भाग मला बोलवेना. तो म्हटला असता तर पुढचा प्रश्न येणार होता, की मग गेले दोन महिने तू काय ऐकत होतीस? मुलीचं पॉलिटेक्निकचं शेवटचं वर्ष होतं.

"आय हिअर नो साउंड," मी म्हटलं.

अक्षरशः खरं होतं ते. टौकेंनी टाइपिस्टला सांगितलं, लिही, तपासला, दोष नाही. पत्र त्याच दुपारी गेलं.

मृणालचा फोन गुरुवारी आला. "काकू, स्टोअरने पत्र दाखवलं मला."

"मी सांगून बघितलं," मी म्हटलं. हेही खोटं.

"बरं," ती म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तिने दोष टौकेंना दिला आणि माझे आभार मानले. मग तिने आपली खटपट सुरू केली. इन्व्हर्टर रजईत गुंडाळला, तो तापून बंद पडला. कारच्या बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर कुणाकडून तरी आणला, तो तासाभरात दमायचा. पिल्लू आईला हाक मारतं ते दिवसातून कधीही, त्याला वेळापत्रक नसतं. अधूनमधून तिचा फोन यायचा आणि ती हे सगळं सांगायची. मी हूं हूं करायची. चौथ्या आठवड्यात फोन आला नाही.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी टौकेंच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावलं. तसं मी कधी लावत नसे. ते फिशबॉल नूडल्स खात होते.

"त्या इन्व्हर्टरमध्ये आवाज आहे," मी म्हटलं. "मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. डॉक्टरने सांगितलं आहे. तीन-चार महिने झाले."

ते खात राहिले. मग म्हणाले, "आय नो."

"काय माहीत आहे?"

"आंटी, तू फोनवर ओरडतेस. लॉरी मागून येते तर तू बाजूला होत नाहीस. दोन-तीन वर्षं झाली. एव्हरीबडी नो."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला बसायला सांगितलं नव्हतं.

"मग मला बेंचवर का ठेवलंत?"

"कस्टमर लाइक व्हॉट," ते म्हणाले. "साडीतली आंटी कान लावून ऐकते. त्यांना बरं वाटतं. दोष बघायला आपल्याकडे मीटर आहे ना. तू खूण करण्याआधी पोरं मीटर लावतात." त्यांनी चॉपस्टिक ठेवल्या. "त्या बॅट लेडीच्या डब्यात आवाज आहे हे तेव्हाच बोलली असतीस तर बदलून दिला असता. जुने तीन पडलेत स्टोअरमध्ये. ते तर कोणी घेत नाही."

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. हाशिमने जुना इन्व्हर्टर काढला, पोरांनी मीटर लावला, टाइपिस्टने नवं पत्र लिहिलं. टौकेंनी व्हॅन दिली आणि बमबोटीपर्यंत पोचवायला हाशिमला पाठवलं. पलीकडे एका हातगाडीवाल्याने यंत्र वाहून दिलं. मी त्याच्या मागे चालत गेले.

मृणाल खोपटाच्या दारात टेपांवर नावं लिहीत बसली होती. मी जुना इन्व्हर्टर जोडला. तो घुमू लागला. तिने ते रेडिओसारखं यंत्र त्याच्या अगदी जवळ नेलं. काही नाही. स्वच्छ. मग तिने ते गोदामाकडे धरलं. तिथूनही जवळजवळ काही नाही. एखाद-दुसरं टक.

"मंगळवारपासून पांगली," ती म्हणाली. "टौके तयार कसे झाले?"

मी तिला सगळं सांगितलं. कान, नोव्हेना, सोमवारची सकाळ. साड्यांखालच्या कागदाचंही सांगितलं. संपल्यावर तिने टेपांवर रबर चढवला.

"तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच त्या पहिल्या दिवशी म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर मी दुसऱ्या दुकानात गेले असते. मला राग तुमच्या कानाचा नाही काकू. मी तीन दिवस स्वतःचे कान तपासून घेत फिरत होते."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

तिने मला चहा दिला. जुन्या इन्व्हर्टरवर किटली चालत नव्हती, स्टोव्हवर केला. मग धक्क्यापर्यंत सोडायला आली, कारण पाऊस येईल असं दिसत होतं आणि रस्ता मला एकटीला सापडला नसता.

तिचा करार वाढला नाही. डिसेंबरात ती परत गेली. पुढच्या गणपतीत कुणीतरी सांगितलं, ती पुण्यात एका कॉलेजात शिकवते, वटवाघळांचं काम सोडलं. मी पत्र लिहिलं नाही. लिहून काय लिहिणार होते?

मी आणखी सहा वर्षं त्या बेंचवर बसले. पोरं मीटर लावायची, मग माल माझ्यापुढे यायचा, मी स्क्रूड्रायव्हर लावायची आणि खडूने खूण करायची. टौके गिऱ्हाइकांना तेच वाक्य सांगायचे. मला दर वर्षी पगारवाढ मिळाली. मुलगी पॉलिटेक्निक पास झाली, नोकरीला लागली, मरीन परेडला फ्लॅट घेतला. माझं काहीही बिघडलं नाही.

नव्या वाइंडरना मी एकच गोष्ट शिकवली, आणि ती अजूनही सांगते. गिऱ्हाईक शांत यंत्र मागायला आलं तर आधी विचारा, शांत कुणाला हवं आहे? माणसाला, कुत्र्याला, की टेपला? आणि तुम्हाला जे ऐकू येत नाही त्याबद्दल "नाही" म्हणू नका, "मला ऐकू येत नाही" म्हणा. पोरं हसायची. त्यांना वाटायचं म्हातारी शब्दांचा कीस काढते आहे.